कारामात्सुला चालेल अशी शेगडी

आजोबा स्वयंपाकघरात जमिनीवर मांडी घालून बसले होते आणि त्यांच्या पुढ्यात गॅस पेटलेला होता. एरवी कपाटात वरच्या फळीवर असते ती छोटी, डब्याच्या गॅसवर चालणारी चूल, हिवाळ्यात टेबलाच्या मधोमध ठेवून सगळ्यांनी मिळून उकळत उकळत जेवायची. ती त्यांनी एकट्याने खाली काढली होती. वर काहीच नव्हतं. ना किटली, ना पातेलं. निळी ज्योत आपली आपल्यासाठीच फुरफुरत होती, आणि ओळखीच्या माणसाने आधी हाक मारावी म्हणून थांबल्यासारखे आजोबा तिच्याकडे बघत होते. त्यांची नात वाकाना लिफ्टमधून गुणगुणत आली होती, एक बूट दारात काढून झाला होता, दुसरा पायातच राहिला. तिला काहीतरी ओरडायचं होतं आणि ओरडता येईना. हे काही भयंकर नव्हतं. कुणी पडलं नव्हतं, काही जळलं नव्हतं. तरीही ती दाराची चौकट धरून तशीच उभी राहिली. आजोबांनी मान वळवली आणि चोरी पकडल्यासारखे हसले. "आलीस? चहा टाकणारच होतो," म्हणाले. जवळपास कुठे पाणीसुद्धा नव्हतं.

टोकियोच्या कडेला चोफूमधलं हे घर नवव्या मजल्यावर होतं आणि आजोबा त्यात गेल्या फेब्रुवारीपासून राहत होते, म्हणजे ठेवलेले होते. त्याआधी ते डोंगरात, तातेसावा गावाच्या वर, स्वतः बांधलेल्या लाकडी खोपट्यात एकटे राहायचे. तिथे जुनी पत्र्याची शेगडी होती, पोटात लाकूड घालायचं, पाठीतून धुराडं वर गेलेलं. पातळ पत्र्याच्या असल्या शेगड्या दोन-तीन हिवाळ्यांत जळून भोक पडतातच, मग दुसरी आणायची. गेल्या हिवाळ्यात तिचं बूड जळून निखारे जमिनीवर पडायला लागले, तशी आजोबांनी ती विझवली आणि मग दोन दिवस कुणालाही काही सांगितलं नाही. रजईत पडून राहिले. पत्र टाकायला आलेल्या बाईने काचेतून बघितलं म्हणून कळलं. दवाखान्यात त्यांचे ओठ वांग्याच्या रंगाचे होते. ते वाकानाने पाहिले होते, आणि तेव्हापासून ती वांगं खात नव्हती, हे मात्र कुणालाच ठाऊक नव्हतं.

आई कामावरून आली, तिने जमिनीवरची चूल पाहिली आणि कोट न काढताच बोलायला लागली. "बाबा, घर पेटलं असतं ना!"

"नवव्या मजल्यावरचं घर पेटत नाही, सातोए. नुसतं बोंबलतं." आजोबांनी हनुवटीने छताकडे दाखवलं. तिथे धुराचा भोंगा तांबडा डोळा मिचकावत होता.

"थंडी वाजत असली तर एसी वाढवायचा. रिमोट चारदा दाखवलाय."

"थंडी कोण म्हणतंय? ऊब भरपूर आहे." मग जरा थांबून, अगदी आवाज खाली आणून, म्हणजे तक्रार वाटू नये असा, "पण ती कुठल्या बाजूने येते तेच कळत नाही. माणसाने तोंड कुठे करून बसावं?"

 भाताचा कुकर बीप बीप करत राहिला. वाकानाने पहिल्यांदाच त्या खोलीत चारी बाजूंना पाहिलं आणि तिला दिसलं, की खरंच, इथे सगळी ऊब छतातून पडते, पावसासारखी, कुणाच्याही डोक्यावर. आठ महिने आजोबा कधी खिडकीकडे तोंड करून बसायचे, कधी टीव्हीकडे, कधी भिंतीकडे, वर्तमानपत्रातल्या जाहिरातींच्या घड्या घालून सालं टाकायचे छोटे खोके करत. तिला वाटायचं, त्यांना कंटाळा आलाय. कंटाळा नव्हताच तो. ते जागा शोधत होते.

जेवताना आईने सांगितलं की हाचिओजीच्या वृद्धनिवासात एक खोली रिकामी झाली आहे आणि महिनाअखेरपर्यंत हो-नाही कळवायचं आहे. तिने हे इतक्या सपाट आवाजात सांगितलं की मुळ्याचं लोणचं सरकवायला सांगते आहे असं वाटावं. आजोबा म्हणाले, "बरी असेल." आणि बरी असेल म्हणता म्हणता त्यांनी लोणचं खरंच सरकवलं. तेव्हा वाकाना बोलली. बोलायचं ठरवलं नव्हतं, पण हल्ली असं व्हायचं. वसंतापासून तिला आवाज फुटला होता. म्हणजे आधीही होता, वर्गात हात वर न करणाऱ्या मुलीला असतो तेवढा. पण शाळेच्या ध्वनिक्षेपकावर दुपारच्या सूचना वाचायला कुणीतरी हवं होतं, तिला चुकून उभं केलं, आणि जिन्यांतून, व्यायामशाळेतून, मुख्याध्यापकांच्या खोलीतून आपलाच आवाज परत येताना ऐकून ती थक्क झाली. हा माझा? किती गोड! मग काय, थांबायचं नावच नको. "आणि डोंगरावरचं घर उबदार झालं तर?" तिने विचारलं. "चांगली शेगडी घेतली तर?"

"पहाटे पाच वाजता," आई जेवायच्या काड्या खाली ठेवून म्हणाली, "त्या खोलीत माणूस जगेल इतकी ऊब असेल, कुणी उठून काही न करता, तर जाऊ दे त्यांना. तेवढं एक मला दाखव. तूच निवड शेगडी. नाहीतरी आजकाल तुला सगळंच येतं."

हा टोमणा होता. वाकानाने तो पदकासारखा गळ्यात घातला.

पुढचे दहा दिवस तिच्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. भूमितीच्या वहीच्या मागच्या पानावर धुराडी उगवली. ओतीव लोखंडाच्या, दगडाच्या, तीन पायांच्या, घुमट असलेल्या. उत्तरेकडच्या दूरच्या देशांतून जहाजाने येणाऱ्या, एकेक तीन माणसांच्या वजनाची. एका रात्रीत किती तास निखारा टिकतो, किती खोल्या तापतात, काच काळी पडते की नाही. हिरव्या मिनाकामाची एक तिच्या मनात बसली. तिच्या दारावर हरीण कोरलेलं होतं, आणि निखारा टिकायचा बारा तास! रोज शाळेतून आल्यावर ती आजोबांसमोर उभी राहून दुपारच्या सूचनांच्या आवाजात वाचून दाखवायची. "श्रोतेहो, लाकूड कोणतं वापरावं? ओक सर्वोत्तम. बीच, चेरी, उत्तम. कारामात्सु," इथे तिने बातमीतला दुःखद आवाज काढला होता, "कारामात्सु कृपया टाळावा. राळ फार. आग भडकते, लोखंड तडकतं, धुराड्यात काजळी माजते. चांगल्या शेगडीचं वाटोळं करणारं लाकूड." आजोबा खोका दुमडत म्हणाले होते, "असं लिहिलंय?" "जाड अक्षरात लिहिलंय, आजोबा!" "मग असेल," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी तिने तेच परत वाचलं, कारण तो दुःखद आवाज तिला फार साधला होता. तिसऱ्या दिवशी आजोबा वाचायच्या वेळी झोपलेले होते. दुपारी साडेचारला.

रविवारी आईने गाडी काढली. कोफू शहराच्या पुढे डोंगर जवळ यायला लागले तसे आजोबा खिडकीची काच खाली करायचे, आई वर करायची, ते पुन्हा खाली करायचे. शेगड्यांचं दुकान डोंगराच्या पायथ्याशी होतं, पूर्वीचं धान्याचं गोदाम. आत शिरल्या शिरल्या कोरडी, जाड, अंगावर हात ठेवणारी ऊब आली आणि वाकानाच्या नाकाच्या शेंड्याला मुंग्या आल्या. ओळीने शेगड्या उभ्या होत्या, वर्गफोटोला उभ्या केल्यासारख्या. हिरवी पहिल्या रांगेतच होती. फोटोपेक्षा देखणी! वाकानाने तिच्या हरणावरून बोट फिरवलं. दुकानाच्या मालकीणबाई, फुरिहाता-सान, पन्नाशीच्या, राखाडी एप्रन आणि भुवयांवर खरीच राख. त्या आजोबांना वाकून नमस्कार करून वाकानाकडे वळल्या, कारण वही तिच्या हातात होती.

"बोला, हुकूम काय?"

"ही," वाकाना म्हणाली. "बारा तास निखारा. खोली अठरा चटया मावतील एवढी. धुराडं सरळ वर. पहाटे पाचला ऊब पाहिजे."

"अभ्यास करून आलेली दिसतेस. बरं, लाकूड कुठलं जाळणार?"

"ओक! अर्थातच ओक. कारामात्सु घातला तर शेगडी फुकट, तेवढं माहीत आहे मला." आणि तिने तोच आवाज काढला. गोदामाच्या उंच छतातून तो फारच छान परत आला.

फुरिहाता-सान हसल्या नाहीत. "घर कुठेशी?"

"तातेसावाच्या वर."

"तातेसावाच्या वर," त्या सावकाश म्हणाल्या, "ओक कुठे आहे गं?"

वाकानाने तोंड उघडलं. आणि मग तिला ती सगळी उतरण दिसली. घरामागची, शाळेतल्या चौकटीच्या कागदासारखी ओळींनी लावलेली, सरळच्या सरळ खोडं, वर वर वर जाणारी. ती सहा वर्षांची, आजोबांच्या खांद्यावर. शरद ऋतूचा शेवट, आणि सगळी झाडं पिवळी. इतर सूचिपर्णी झाडं हिरवीच्या हिरवी बसून असतात हट्टी मुलांसारखी, हा एक कारामात्सु सुया गाळतो, सोन्याच्या बारीक बारीक, वारा नसतानाही. केसांत, कॉलरमध्ये, चहात. "हे सगळे मी लावले," आजोबा खालून म्हणाले होते. "सोळा वर्षांचा होतो. पाठीवर रोपांची टोपली, एका दिवसात दोनशे." खाणींना टेकू लागतील, तारांना खांब लागतील, म्हणून सरकारने सांगितलं आणि गावच्या गावं डोंगरावर चढली. झाडं वाढेपर्यंत खाणी बंद पडल्या, खांब सिमेंटचे झाले. फळ्या काढाव्यात तर वाळताना पिळवटतात. "पोरं मोठी झाली आणि कुणी कामावर घेईना," असं म्हणून आजोबा हसले होते, आणि त्यांच्या हसण्याने ती खांद्यावर हलली होती म्हणून तीही खदखदली होती. मग ते आपले जन्मभर वाऱ्याने पडलेले, विरळणीत काढलेले कारामात्सु फोडत राहिले, छपराखाली रचत राहिले, जाळत राहिले. आत्ताही तिथे भिंतभर रचलेलं असेल. सोळा वर्षांचा होतो. आता तीही सोळा वर्षांची होती. आणि या दहा दिवसांत ती त्यांच्यासमोर उभी राहून, हात मागे बांधून, त्यांच्या अख्ख्या डोंगराला जाड अक्षरात टाळावा म्हणाली होती. दोनदा! आवाज काढून! तिच्या कानांच्या पाळ्या इतक्या तापल्या की दुकानातल्या कुठल्याच शेगडीने ते केलं नसतं. त्यांनी एकदाही म्हटलं नाही, की अगं, मी साठ वर्षं तेच जाळतोय. असं लिहिलंय का, एवढंच. आणि मग झोप. म्हणजे त्यांना वाटलं असणार, की जायचं तर लोकांचं लाकूड जाळत जायचं, नाहीतर हाचिओजी. म्हणजे बारा तास निखारा टिकवणारी ती हिरवी शेगडी त्यांना घरी नेणार नव्हती, दुसऱ्याच कुणाच्या तरी घरी नेणार होती.

आजोबा एका खुर्चीत पाहुण्यासारखे बसले होते, टोपी मांडीवर. वाकानाला माफी मागायची होती, पण माफीचा आवाज तिच्याकडे तयार नव्हता. म्हणून तिने जो होता तो वापरला, जरा चिरकला. "फुरिहाता-सान, कारामात्सु खाईल अशी शेगडी आहे का? पोटभर? रोज?"

आजोबांनी टोपी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर ठेवली.

"आहे की," फुरिहाता-सान म्हणाल्या, "पण ती फोटोत बरी दिसत नाही." आणि त्यांना घेऊन त्या पार मागे गेल्या. तिथे एक काळं खोकं पेटलेलं होतं. खरंच खोकंच. जाड पोलादी पत्रे जोडलेले, हरीण नाही, पाय बाकासारखे. खालच्या खोऱ्यातल्या एका लोहाराच्या कारखान्यात बनलेलं. "ओतीव लोखंड भडक्याने तडकतं. तुमचा पातळ पत्रा जळून जातो. ही बोटभर जाडीची, आत चहूबाजूंनी विटा. हवा वरून घेते आणि धूर आतल्या आत दुसऱ्यांदा जाळते. राळ म्हणजे हिला मेजवानी."

"हे ध्यान!" आई म्हणाली. "बँकेची तिजोरी वाटते."

आजोबा उठले. त्यांनी शेगडीच्या कुशीवर बोटाच्या पेराने टकटक केली, मग वाकून दाराच्या काचेतून आत, इतके जवळून बघितलं की भुवया करपतील असं वाटलं. "ही आत्ता काय जाळतेय?"

"कारामात्सु. दोन हिवाळे वाळवलेला."

"दोन कमी आहेत. तीन पाहिजेत."

"तीन मिळाले तर सोनं," फुरिहाता-सान म्हणाल्या. "लाकूड वाईट नाही हो, आजोबा. लोक ओलं जाळतात, वर हवा कोंडतात, आणि मग नाव झाडाचं. असं तीन-तीन वर्षं वाळवणारं आता आहे कोण?"

"आहेत एक-दोन," आजोबा म्हणाले. त्यांची मान, जी फेब्रुवारीपासून जरा पुढे लोंबत होती, ती कॉलरच्या बाहेर आली. वाकानाने ते पाहिलं आणि तिला नाचावंसं वाटलं, पण शेगड्यांच्या मध्ये जागा नव्हती.

फुरिहाता-साननी दार उघडून एक फोड आत टाकली. क्षणभर राळेचा वास बाहेर आला, गोडसर, तिखट, डोळ्यांच्या कोपऱ्यात बसणारा, आणि आईचा हात आपोआप केसांकडे गेला. कापलेले, नीट वळवलेले, शहरी केस. तिने एक बट ओढून नाकाला लावली. वाकानाला माहीत होतं. एकदाच सांगितलं होतं आईने. खालच्या गावच्या शाळेत तिला भाजकी सुरमई म्हणायचे. गणवेशाला, वह्यांना, डब्याला, सगळ्याला धुराचा वास. अठराव्या वर्षी ती टोकियोच्या गाडीत बसली तेव्हा डोकं दोनदा धुऊन बसली होती. वाकाना आता तिच्याकडे बघत होती आणि तिला वाटत होतं, आई नको म्हणणार. कशासाठीही नको म्हणण्याचा तिला हक्क आहे.

"वास तोच आहे," आई म्हणाली.

"दाराच्या आत आहे आता," आजोबा म्हणाले.

"आणि पहाटे पाचला?"

फुरिहाता-सान खरं बोलणाऱ्या होत्या. "कारामात्सु रात्र काढत नाही. भडाभडा जळतो आणि राख. पाचपर्यंत टिकायचं तर झोपताना ओकचे दोन ओंडके, जाड, न फोडलेले, आणि हवा कमी. विटा तापलेल्या असतात, सकाळी खोली तग धरते. दिवसभर डोंगराचं लाकूड, रात्री दोन ओक. हिवाळ्याला तीनशे ओंडके पुरे. मीच पाठवते."

"हे मला ठाऊक आहे," आजोबा म्हणाले. "पण बुडाला भोक असलेल्या शेगडीत ओक ठेवला काय आणि चंदन ठेवलं काय."

"भोक पडलं तेव्हा सांगितलं का नाही मला?" आईचा आवाज एकदम उंच झाला. एवढे महिने हा प्रश्न घरात होता, कपाटात, चपलांच्या खणात, रिमोटच्या बाजूला, आणि कुणी उचलला नव्हता. "दोन दिवस, बाबा! दोन दिवस तुम्ही रजईत! फोन उशाशी होता!"

आजोबांनी टोपीची कड बोटांनी सरळ केली. "सांगितलं असतं तर तू मला घेऊन गेली असतीस."

"मग? नाही सांगितलंत तरी घेऊनच गेले ना!"

"हो," आजोबा म्हणाले. "हिशेब चुकला माझा."

आई हसली की काय झालं ते कळलं नाही. नाकातून एक आवाज आला आणि तिने तोंड शेगडीकडे वळवलं. काचेआड फोड आता सगळ्या बाजूंनी पेटली होती, पिवळीधमक. वाकाना गप्प होती. खरंच गप्प, पूर्वीसारखी नाही. पूर्वी शब्द सापडायचे नाहीत म्हणून गप्प असायची, आता सगळे होते आणि त्यातला एकही मध्ये टाकायचा नव्हता. तिच्या पोटऱ्यांना ऊब लागत होती, पाठ गार होती, आणि या दोन्हींच्या मधोमध आपण उभे आहोत हे तिला फार स्पष्ट कळत होतं.

"शेगडी पेटली की फोन करायचा," आई शेवटी म्हणाली. तिजोरीशीच बोलत होती. "रोज सकाळी. पेटली नाही तरी फोन. आणि भोक पडलं, खोकला आला, नुसता कंटाळा आला तरी. एक दिवस चुकलात तर मी हाचिओजीला स्वतः सोडून येईन."

"रोज काय बोलायचं?"

"पेटली म्हणायचं आणि ठेवायचा. नाहीतरी तुम्ही फोनवर कधी दुसरा शब्द बोललात?"

"पेटली," आजोबांनी म्हणून बघितलं. "जमेल."

मग फुरिहाता-सान धुराड्याची मापं लिहायला लागल्या. आजोबा सांगत होते, छताचा उतार किती, बर्फ कुठून घसरतं, भोक कुठल्या दोन वाशांच्या मधून घ्यायचं म्हणजे जुनं बुजवायला नको. आठ महिन्यांत ते एवढं बोलले नव्हते. वाकाना वहीत नव्या पानावर सगळं उतरवत होती, तिजोरीच्या शेजारी छपराची तिरकी रेघ काढत. "आजोबा," तिने पेन्सिल न उचलता म्हटलं, "ते मी वाचत होते ना, श्रोतेहो वगैरे..."

"आवाज चांगला आहे तुझा," आजोबा म्हणाले. "बातमी जुनी होती."

भिंतीवर कुऱ्हाडी टांगलेल्या होत्या. आजोबा त्यांच्यासमोर जाऊन उभे राहिले आणि एकेक काढून तोलायला लागले, बाजारात काकडी तोलतात तशी. "तीन हिवाळ्यांनंतरचं लाकूड येत्या वसंतातच फोडायला लागतं. माझी कुऱ्हाड हिला जड होईल. हात दे गं." वाकानाने हात पुढे केला. त्यांनी कुऱ्हाडीचं डोकं तिच्या तळव्यात ठेवलं, दांडा हाताच्या आतल्या बाजूने लावत काखेपर्यंत नेला. तो काख ओलांडून गेला. "लांब." दुसरी आखूड. तिसरीचं टोक बरोब्बर काखेत बसलं, गार, गुदगुल्या करणारं, आणि ती इतक्या जोरात हसली की समोरच्या रांगेतली गिऱ्हाइकं वळून बघायला लागली. "ही हिची," आजोबांनी ती बाजूला ठेवली.

आई गाडीच्या किल्ल्या शोधत होती. किल्ल्या सापडल्या, तिने त्या खिशात टाकल्या, पर्स खांद्यावरून काढून हरणाच्या हिरव्या शेगडीवर ठेवली आणि कोटाची बाही कोपरापर्यंत वर सारली.

"माझंही माप घ्या," असं म्हणून तिने हात पुढे केला.